मोठी गाडी चालवताना मन शेवटच्या बाकावर ठेवा

जबलपूरहून बोलतोय. आजचा विषय माझ्या रोजच्या भाकरीचा आहे. मोठी डिझेल प्रवासी गाडी. कोणी तिला ट्रॅव्हलर म्हणतं, कोणी टेम्पो ट्रॅव्हलर, आणि भाड्याने मागणारे नुसतंच विचारतात, "सतरा सीटर आहे का?"

गेल्या काही महिन्यांत मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेलाय. "दादा, दहा वर्षं कार चालवतोय. बँक कर्ज द्यायला तयार आहे. सतरा सीटर घेऊ का? आणि ड्रायव्हर न ठेवता स्वतः चालवू का?"

या प्रश्नाचं माझं उत्तर मी शेवटी देणार आहे. त्याआधी ही गाडी कशी वागते, काय मागते, हे समजून घेऊ. आणि माझ्या हातून झालेली एक चूकही सांगणार आहे. ती चूक झाली नसती तर हा भाग मी केलाच नसता.

गाडीची ओळख

जबलपुरात नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी घरं आहेत. आमचं घर मात्र कारखान्यामुळे इथे आलं. बाबा व्हेइकल फॅक्टरीत होते. १९६९ साली सुरू झालेल्या या कारखान्यात सैन्यासाठी शक्तिमान ट्रक बनत, निसानच्या परवान्यावरची जोंगा बनत असे. 'जोंगा' हे नावसुद्धा जबलपूरच्या कारखान्यांच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून तयार झालंय. त्यामुळे आमच्या रांझीच्या घरात डिझेलचा वास हा उदबत्तीइतकाच ओळखीचा. बाबांचं एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो: "ज्याला गाडी थांबवता येते, त्यालाच चालवता येते." ते वाक्य मला कळायला फार वर्षं लागली.

आता 'टेम्पो' हा शब्द घ्या. मराठीत आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणतो. मुळात ते एका जर्मन कंपनीचं नाव. १९५८ साली तिच्याबरोबर करार करून बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली आणि तिची तीनचाकी गाडी इतकी चालली, की नावाचा शब्द झाला. मग मॅटाडोर आली. १९८७ साली टेम्पो ट्रॅव्हलर आली, ती मर्सिडीजच्या एका जर्मन व्हॅनवर बेतलेली. २००५ साली कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, तरी लोकांच्या तोंडातला 'टेम्पो' काही गेला नाही.

माझी गाडी याच जातकुळीतली, सतरा प्रवासी आणि एक ड्रायव्हर अशी. इंजिन २.६ लिटरचं, चार सिलिंडरचं, टर्बो डिझेल. लांबी साधारण सहा मीटर, रुंदी दोन मीटरच्या थोडी वर, उंची अडीच मीटरच्या आसपास. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ३.७ मीटर अंतर. मागच्या बाजूला पाट्यांचं सस्पेन्शन.

हे आकडे ऐकून वाटतं, गाडी फक्त लांब आहे, बाकी कारसारखीच. तिथेच पहिली फसगत होते. तुम्ही अगदी पुढे, जवळजवळ पुढच्या चाकांपाशी बसलेले असता. तुम्हाला जे जाणवतं ते पुढच्या दोन मीटरचं. मागे चार-पाच मीटर गाडी आहे आणि तिच्या टोकाला शेवटच्या बाकावर चार माणसं बसलीत. त्यांचा प्रवास तुमच्या प्रवासापेक्षा वेगळा असतो.

मी ही गाडी घेतली तेव्हा पहिलं वर्षभर एकदाही शेवटच्या बाकावर बसलो नव्हतो. गाडी माझी, कर्ज माझं, आणि शेवटचा बाक मला माहीत नाही!

वळण आणि शेपूट

सुरुवात गल्लीपासून करू. जबलपूरच्या जुन्या वस्तीत, गोलबाजाराच्या आसपास, ही गाडी वळवायची म्हणजे परीक्षा.

गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेवरून जात नाहीत. ती आतून, जवळच्या वाटेने जातात. दोन चाकांतलं अंतर जितकं जास्त, तितकी मागची चाकं आत येतात. कारची सवय असलेला माणूस कोपरा दिसताच स्टिअरिंग फिरवतो. इथे तसं केलं, की मागचं चाक गटाराच्या कडेवर चढतं किंवा कोपऱ्यावरच्या भाजीच्या टोपल्यांवर जातं. म्हणून सरळ थोडं जास्त पुढे जायचं, आपलं अंग कोपऱ्याच्या पुढे गेलं असं वाटलं की मग वळवायचं, आणि वळत असताना आतल्या बाजूच्या आरशात मागचं चाक बघत राहायचं.

दुसरी गोष्ट याच्या उलटी. मागच्या चाकांच्याही मागे गाडीचा बराच भाग बाहेर आलेला असतो. गाडी डावीकडे वळली की तो भाग उजवीकडे फेकला जातो. आम्ही त्याला शेपूट म्हणतो. भिंतीला चिकटून उभी केलेली गाडी काढताना एकदम पूर्ण स्टिअरिंग फिरवलं, तर तोंड सुटतं आणि शेपूट भिंतीला घासतं. भिंतीऐवजी तिथे शेजारून जाणारा स्कूटरवाला असेल तर? म्हणून आधी सरळ एक-दीड मीटर पुढे, मग हळूहळू वळण.

रिव्हर्सला कॅमेरा असला तरी खाली माणूस उभा केल्याशिवाय मी गाडी मागे घेत नाही. घाटावर, देवळापाशी, ढाब्यावर लहान मुलं असतात. कॅमेऱ्याला गाडीच्या मागे काय आहे ते दिसतं, बाजूने धावत येणारं पोर दिसत नाही.

ब्रेकर कोणाचा?

रस्त्यावरचा ब्रेकर पुढच्या चाकांनी ओलांडला, की आपल्याला वाटतं, झालं. आणि पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. कारमध्ये ते चालून जातं. इथे मागची चाकं अजून ब्रेकरच्या अलीकडे आहेत. तुम्ही वेग वाढवलात आणि ती जोरात आपटली.

शेवटचा बाक मागच्या चाकांच्या मागे असतो. सीसॉच्या टोकावर बसल्यासारखं. चाक चार बोटं उचललं गेलं, तर त्या बाकावरचा माणूस त्याहून जास्त उचलला जातो. पन्नाशी-साठीची, गुडघ्याचं आणि मणक्याचं दुखणं असलेली माणसं तिथे असतात, कारण पुढच्या खिडक्या तरुणांनी आधीच पकडलेल्या असतात.

उपाय सोपा आहे. ब्रेकरवर मनात मोजायचं, एक पुढचं, दोन मागचं. दुसरा धक्का बसल्याशिवाय वेग वाढवायचा नाही. ज्यांना मी गाडी शिकवतो त्यांच्याकडून पहिले दोन दिवस हे मोठ्याने मोजून घेतो. त्यांना हसू येतं. येऊ दे.

वजनाचा हिशेब

सतरा माणसं, प्रत्येकी ६५ किलो धरा. अकराशे किलो झाले. प्रत्येकाची दहा किलोची बॅग म्हणजे आणखी १७० किलो. ड्रायव्हर, पाण्याचे कॅन, शिधा. सव्वा टनाच्या वर वजन केवळ तुम्ही भरलेलं. हे वजन रिकाम्या गाडीत नव्हतं. म्हणजे सकाळी घरून स्टेशनपर्यंत आणलेली गाडी आणि स्टेशनवरून निघालेली गाडी, या दोन वेगळ्या गाड्या आहेत. ब्रेक वेगळा लागतो, चढावर गिअर वेगळा लागतो, ओव्हरटेकला लागणारी जागा वेगळी.

वेगाचं गणितही लक्षात ठेवा. वेग ताशी ६० वरून ८० केला, तर वेग एक तृतीयांशाने वाढला, पण ब्रेक दाबल्यानंतर थांबायला लागणारं अंतर जवळजवळ पावणेदोन पट होतं, कारण गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. त्यात ८० च्या वेगाने पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी २२ मीटर गेलेली असते. धंद्याच्या प्रवासी गाड्यांना ८० चा स्पीड गव्हर्नर बसवावा लागतो, त्याबद्दल पुष्कळ जण कुरकुर करतात. मी नागपूरच्या रस्त्याला रात्री एकटा गेलो, तरी त्याबद्दल कुरकुर करत नाही.

सामान टपावर चढवलं की आणखी एक फरक पडतो. गाडीचा भार वर सरकतो आणि वळणावर ती जास्त कलते. जड बॅगा खाली, मागच्या चाकांच्या जवळ ठेवायच्या. टपावर गाद्या, चादरी, हलक्या पिशव्या.

तो उतार

आता माझ्या चुकीबद्दल.

माझी बरीचशी कामं नर्मदा परिक्रमेची. पुण्या-नाशिकहून मंडळी रेल्वेने जबलपूरला येतात. ग्वारीघाटावर संकल्प सोडतात आणि मग आपण निघतो. नियम तुम्हाला माहीत असेल. मैया कायम उजव्या हाताला ठेवायची, मध्ये कुठेही ओलांडायची नाही. जबलपूर उत्तर तटावर, म्हणून आधी पूर्वेला अमरकंटक, तिथून वळसा घालून दक्षिण तटाने पश्चिमेला समुद्रापर्यंत, आणि मग उत्तर तटाने परत. नदी १३१२ किलोमीटरची. गाडीने दोन्ही तट, आतले घाट आणि मुक्काम धरून माझ्या मीटरवर साधारण साडेतीन हजार किलोमीटर होतात.

ही गोष्ट माझ्या दुसऱ्या हंगामातली. अमरकंटक हजार मीटरहून थोडं वर आहे. दर्शन झालं, सकाळी निघालो. गाडी भरलेली, हवा थंड, मंडळी भजन म्हणत होती. कबीर चबुतऱ्याच्या पुढे उतार लागला. रस्ता मोकळा होता. मी वरच्या गिअरमध्येच गाडी सोडली आणि ब्रेकवर हलका पाय ठेवून उतरत राहिलो. वाटलं, किती अलगद नेतोय!

शेवटच्या बाकावर नाशिकच्या एक आजी होत्या. त्यांनी दोनदा म्हटलं, "दादा, काहीतरी जळल्यासारखा वास येतोय हो." मी म्हटलं, "आजी, बाहेर कुणीतरी पाला जाळतंय." जंगलात तसा धूर असतोच. आणि भजनाच्या आवाजात मी विषय संपवला.

पुढच्या वळणाला ब्रेक दाबला तेव्हा पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं. गाडी मंदावली, पण हवी तितकी नाही. पोटात गोळा आला. पुन्हा पुन्हा पेडल मारलं, गिअर तिसरा केला, मग दुसरा. इंजिन ओरडलं, गाडी आवरली. हँडब्रेक हळूहळू ओढत डोंगराच्या बाजूच्या मातीत गाडी उभी केली. खाली उतरलो तर चाकांतून धूर येत होता.

दोष गाडीचा नव्हता. दोष माझ्या पायाचा होता, आणि त्याहून जास्त कानाचा.

काय झालं ते समजून घेऊ. भरलेली गाडी चार टन धरा. ती तीनशे मीटर उंची उतरली, तर साधारण १२० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. या उष्णतेने ३५ लिटर गार पाणी उकळायला लागेल. मी इंजिनाची मदत घेतली नाही, म्हणून यातली बहुतेक उष्णता चार चाकांच्या ब्रेकमध्ये गेली. लायनर प्रमाणाबाहेर तापले की त्यांची पकड कमी होते. आणखी तापलं की ब्रेक ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, बुडबुडे दाबले जातात, म्हणून पेडल खाली जातं. जुन्या ब्रेक ऑइलने हवेतलं पाणी शोषलेलं असतं, त्यामुळे ते लवकर उकळतं. माझं तेल बदलायला झालं होतं. मीच पुढे ढकललं होतं.

उतारावर गिअर हाच खरा ब्रेक. त्यात डिझेलची एक गंमत आहे. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की हवेची वाट जवळजवळ बंद होते आणि इंजिन गाडीला मागे ओढतं. डिझेलमध्ये हवा मोकळी आत येते. पिस्टन ती दाबतो आणि दाबलेली हवा स्प्रिंगसारखी त्याला परत ढकलते. म्हणून वरच्या गिअरमध्ये डिझेल इंजिन फारसं आवरत नाही. गिअर खाली आणला, इंजिनाचे फेरे वाढले, की मगच त्याचा जोर कळतो. ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा, असं जुने ड्रायव्हर सांगतात. आणि गिअर उतार सुरू होण्याआधी पाडायचा, वेग हाताबाहेर गेल्यावर नाही. ब्रेक लागला तर जोरात दाबून वेग कमी करायचा आणि पाय पूर्ण उचलायचा, म्हणजे त्याला थंड व्हायला वेळ मिळतो. सतत हलका पाय हा सगळ्यात वाईट. आणि न्यूट्रल? कधीही नाही.

आम्ही तिथे पाऊण तास थांबलो. तापलेल्या चाकांवर मी पाणी टाकलं नाही, कारण एकदम गार केलं की लोखंडाला तडा जाऊ शकतो. मंडळींनी चिवडा काढला. आजी खाली उतरून माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता रागावतील. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तुला ऐकू आलं नसेल." यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. ऐकू आलं होतं, मंडळी.

पुढे डिंडोरीला मेकॅनिककडून ब्रेक उघडून घेतले, तेल बदललं. तो खर्च माझा. त्या दिवशी संध्याकाळी गाडी उभी असताना मी पहिल्यांदा शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. तिथून पुढची काच फार लांब दिसते.

मागे काय चाललंय

त्यानंतर मी काही नियम केले. तेच आज तुम्हाला देतो.

एक. शेवटच्या बाकावरून आलेली तक्रार ही गाडीची तक्रार समजायची. वास, आवाज, थरथर, काहीही. गाडी बाजूला घ्यायची, उतरायचं, बघायचं. दहापैकी नऊ वेळा काही नसतं. दहा मिनिटं जातात, जाऊ देत.

दोन. दर दोन तासांनी, कोणी मागितलं नाही तरी थांबायचं. हे मला एका ताईंनी सांगितलं. शेवटच्या बाकावरच्या बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. सोळा माणसं ओलांडून पुढे येऊन "गाडी थांबवा" म्हणायचा संकोच वाटतो. मग डोकं दुखतं, उलट्या होतात आणि आपण म्हणतो, प्रवास बाधला. आता मी निघतानाच सांगतो, पहिला थांबा अमुक ठिकाणी, तिथे स्वच्छतागृह आहे. हे सांगितल्यापासून माझ्या गाडीत उलट्या खूप कमी झाल्या.

तीन. बाक रोज बदलायचे. आज जे शेवटी, ते उद्या पुढे. सुरुवातीला कुरकुर होते, तिसऱ्या दिवशी सगळे समजून घेतात.

चार. मागच्या एसीचा झोत तपासायचा. पुढे ड्रायव्हरला उकडतं म्हणून एसी वाढवतो आणि मागे झोपलेली माणसं कुडकुडतात.

रिकामी गाडी

परिक्रमेत एक टप्पा असा येतो, की गाडी आणि मंडळी वेगळी होतात. दक्षिण तट समुद्रापाशी संपतो. तिथून परिक्रमावासी नावेने खाडी ओलांडून समोरच्या मिठी तलाईला जातात. गाडी नावेत जात नाही. ती मी एकटा भरूचच्या पुलावरून पलीकडे नेतो.

त्या रस्त्यावर गाडीची सगळी पोल उघडते. मागचे पाटे भरलेल्या गाडीच्या वजनासाठी बनवलेले असतात. वजन नसलं की मागची बाजू उडते, प्रत्येक खड्ड्याला खडखडते. ओल्या रस्त्यावर मागच्या चाकांची पकडही कमी असते. नवीन ड्रायव्हर रिकामी गाडी हलकी म्हणून भरधाव नेतात, तिथे ती घसरते. रिकामी गाडी हळू चालवायची, हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही.

पुलावरून जाताना मी मैया ओलांडतो, म्हणजे माझी परिक्रमा मोडते. दर वेळी मोडते. पलीकडे मंडळी नावेतून उतरतात, ओले पाय घेऊन गाडीत चढतात, गाडी खाली बसते आणि खडखडाट थांबतो. तो आवाज थांबला की मला बरं वाटतं.

डिझेलची काळजी

आता थोडं इंजिनाबद्दल.

इथे जानेवारीत पहाटे चांगलीच थंडी असते. डिझेलला ठिणगी नसते. दाबलेल्या गरम हवेत ते पेटतं. म्हणून किल्ली फिरवली की हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबा, मग स्टार्टर. चालू झाल्यावर लगेच रेस करू नका. ऑइल सगळीकडे पोचू द्या.

लांब चढ चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. टर्बो लालबुंद तापलेला असतो आणि त्याला थंड करणारं तेल इंजिनाबरोबरच थांबतं. एक-दोन मिनिटं शांत चालू ठेवा.

डिझेल फिल्टरमध्ये खाली पाणी साठतं. ते वेळेवर काढा. टाकी रात्री भरून ठेवली तर आत हवा कमी राहते आणि ओल कमी धरते.

२०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो गरम झाला की काजळी जाळून स्वतःला साफ करतो. फक्त शहरात दोन-दोन किलोमीटर फिरणारी गाडी तेवढी तापतच नाही. फिल्टर भरतो आणि खर्च काढतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर न्या. तुमची गाडी फक्त शहरातल्या छोट्या फेऱ्या करणार असेल, तर डिझेल घ्यायचंच का, हाही विचार करा.

कागद आणि पैसा

लायसन्सबद्दल गोंधळ आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं, की एकूण वजन ७५०० किलोच्या आत असेल तर हलक्या वाहनाच्या लायसन्सवर व्यावसायिक गाडीही चालवता येते. सतरा सीटर या मर्यादेत बसते. पण लायसन्सने परवानगी मिळते, हात बसत नाही.

पैसे घेऊन माणसं न्यायची असतील तर पिवळी पाटी, परमिट, टॅक्स, फिटनेस सगळं हवं. नवीन व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेस, त्यानंतर दरवर्षी. पांढऱ्या पाटीवर भाडं मारणारे आहेत, मला माहीत आहे. अपघात झाला तर खासगी विमा भाड्याच्या प्रवाशांसाठी नसतो. मागे बसलेल्या सतरा घरांना तुम्ही काय उत्तर द्याल?

माझ्या वहीतला हिशेब असा. गाडी लिटरला साधारण दहा किलोमीटर देते, म्हणजे डिझेलच नऊ-साडेनऊ रुपये किलोमीटर. त्याशिवाय टायर, क्लच, ब्रेक, ऑइल यांसाठी मी किलोमीटरमागे तीन रुपये वेगळ्या खात्यात टाकतो आणि त्याला हात लावत नाही. ब्रेक ऑइल पुढे ढकलायची वेळ आता येत नाही.

आणि चातुर्मास विसरू नका. आषाढी ते कार्तिकी परिक्रमा बंद, लग्नं बंद. हप्ता मात्र चातुर्मास पाळत नाही. ते चार महिने काय काम करणार, हे गाडी घेण्याआधी ठरवा. मी शाळेची आणि कारखान्याच्या शिफ्टची कामं करतो. पैसे कमी, पण हप्ता निघतो.

मग घेऊ का?

आता उत्तर. घ्या, पण त्याआधी एक काम करा. अशीच एक सतरा सीटर एका दिवसासाठी भाड्याने घ्या, ड्रायव्हरसकट. घरची, शेजारची माणसं भरा. आणि तुम्ही शेवटच्या बाकावर, मधल्या जागेवर बसा. आमच्या इथे असाल तर जबलपूर ते मंडला आणि परत. पुढे जाऊन ड्रायव्हरशी गप्पा मारायच्या नाहीत. प्रत्येक ब्रेकर मोजा. प्रत्येक ब्रेक अंगावर घ्या. तहान लागली की पाणी प्या आणि मग गाडी थांबवायला सांगताना कसं वाटतं ते बघा.

परत आल्यावरही गाडी घ्यावीशी वाटली, तर बँकेत जा.

नाशिकच्या त्या आजी पुढच्या वर्षी पुन्हा आल्या, त्यांच्या बहिणीला घेऊन. पुढची खिडकीची जागा मी त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. त्या म्हणाल्या, "नको रे. मी मागेच बसते. तुला वास कोण सांगणार?"

पुढच्या भागात उतारावरच्या गिअरबद्दल गाडीत बसूनच दाखवतो. तोपर्यंत सांभाळून चालवा. नर्मदे हर!